दोघांची होडी, एकाचे पुस्तक

नवरा-बायकोने शिडाच्या होडीतून उष्ण कटिबंधातली बेटे हिंडावीत आणि त्या प्रवासाचे पुस्तक व्हावे, या प्रकाराला इंग्रजीत आता शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. निळे पाणी, नारळाची झाडे आणि एकांतातले सहजीवन या अपेक्षेने वाचक ही पुस्तके हाती घेतो. आमचे मत असे की, त्यांतली चांगली पुस्तके ही अपेक्षा पुरी करीत नाहीत. आणि जी करतात ती सहसा पुन्हा उघडावीशी वाटत नाहीत.

एकांतातल्या सहजीवनाचेच पाहा. गालापागोसपासून मार्केसस बेटांपर्यंत सुमारे ३,००० सागरी मैल नुसता समुद्र आहे. आग्नेयेचे व्यापारी वारे पाठीशी असले तरी लहान होडीला तीन-चार आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस कोणीतरी सतत जागे असावे लागते. माणसे दोनच असली की एकाने तीन-चार तास पहारा करायचा, तेवढा वेळ दुसऱ्याने झोपायचे, मग पाळी बदलायची. ज्यांनी एकत्र राहण्यासाठी घरदार विकले ते जोडपे भर समुद्रात जेमतेम जेवणाच्या वेळी भेटते. एकाने सोडलेल्या उबदार अंथरुणात दुसऱ्याने शिरायचे, हाच काय तो शृंगार. या पुस्तकांचा खरा विषय बेट नसून कामाची वाटणी आहे, असे म्हणावेसे वाटते ते यामुळे. आणि वाटणी म्हटली की लेखणी कोणाच्या वाट्याला आली, हेही विचारावे लागते.

या परंपरेतले गाजलेले उदाहरण जॅक लंडन आणि त्याची पत्नी चार्मियन यांचे. सात वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या बेताने २३ एप्रिल १९०७ रोजी त्यांची ‘स्नार्क’ ओकलंडहून निघाली. सात हजार डॉलरांत व्हायची ती बोट तीस हजारांवर गेली होती आणि तरीही गळत होती. कप्तान म्हणून घेतलेल्या गृहस्थांना (ते चार्मियनच्या मावशीचे यजमान) जहाज कोठे आहे हे काढता येत नाही, असे समुद्रावर गेल्यानंतर उघडकीस आले. तेव्हा लंडन स्वतःच पुस्तके उघडून सूर्याचे वेध घ्यायला शिकला. हे सारे ‘द क्रूझ ऑफ द स्नार्क’ (१९११) मध्ये त्याने मोठ्या खुमारीने सांगितले आहे. आपल्या फजितीवर हसण्याची त्याची हातोटी अस्सल आहे, यात वाद नाही. पण फजितीसुद्धा तो निवडून घेतो. प्रत्येक प्रकरण मासिकात विकले जाईल अशा बेताने कापलेले असते, आणि प्रकरण बसत नाही ते दिवस गळून पडतात.

ते गळलेले दिवस चार्मियनच्या ‘द लॉग ऑफ द स्नार्क’ (१९१५) मध्ये सापडतात. ही रोजनिशी आहे. रोजनिशीला निवडीची चैन परवडत नाही. वारा पडलेले दिवस, कोणाचा ताप, कोणाचे गळू, सुकाणूवरची आपली पाळी, आणि त्या सगळ्यात नवऱ्याच्या हस्तलिखिताचे टंकलेखन. लंडन रोज सुमारे हजार शब्द लिहीत असे, ‘मार्टिन ईडन’ ही कादंबरी त्याने याच सफरीत लिहिली, आणि त्याचे कागद टंकित करण्याचे काम तिचे होते. लंडनच्या पुस्तकात चार्मियन आहे, कौतुकाने आहे. पण एक शूर, हसरी सहप्रवासी म्हणून. तिचे काम तिथे दिसत नाही. वाङ्मयीन सफाईत ‘लॉग’ ‘क्रूझ’च्या पासंगालाही पुरत नाही, पुनरुक्ती तर विचारूच नका. तरीही सफर कशी होती हे जाणायचे असेल तर आम्ही ‘लॉग’च पुढे करू. जोडप्यातल्या दुसऱ्याने लिहिले म्हणजे काय घडते, हे ‘आहे मनोहर तरी’ वाचलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

पुढच्या जोडप्यांनी ही दरी काही अंशी बुजवली. एरिक आणि सूझन हिस्कॉक यांनी ३० फुटी ‘वाँडरर ३’ मधून १९५२ ते ५५ या काळात प्रदक्षिणा केली. एरिकची पुस्तके शिस्तशीर आणि किंचित कोरडी आहेत. लिन पार्डी यांचे ‘द केअर अँड फीडिंग ऑफ द ऑफशोर क्रू’ (१९८०) मात्र वेगळे. जपानहून कॅनडाला जाताना रोज काय शिजवले, याभोवती ते पुस्तक उभे आहे. बेटांचा तिथे पत्ताही नाही, पण चोवीस-पंचवीस फुटांच्या, इंजिन नसलेल्या होडीत दोन माणसे कशी टिकतात हे आम्हांला तिथे जितके कळले तितके कुठल्याच सूर्यास्ताच्या वर्णनात कळले नाही. मॉरिस आणि मॅरलिन बेली यांची होडी ४ मार्च १९७३ रोजी गालापागोसच्या वाटेवर देवमाशाच्या धडकेने बुडाली. पुढे ११७ दिवस ते रबरी तराफ्यावर होते. जवळून जहाजे निघून जात असताना मॅरलिन सेफ्टी पिनेचे गळ करून मासे पकडत होती, आणि वहीत मेजवान्यांचे बेत व पुढच्या होडीचे आराखडे मांडत होती. नवऱ्याने आशा सोडली तेव्हा हे काम तिने उचलले. (ती पुढची होडी त्यांनी खरोखरच घेतली आणि पुन्हा निघाले.)

आता बेटांकडे यावे लागते. कारण दोघांच्या भांड्याला भांडे कसे लागले हे कितीही प्रामाणिकपणे लिहिले, तरी किनाऱ्यावर तिसरा कोणी उभा असतोच. मेल्व्हिलच्या ‘टायपी’ (१८४६) ने भारून लंडन लहानपणापासून त्या दरीची स्वप्ने पाहत आला होता. १९०७च्या डिसेंबरात तो नुकु हिवाला पोचला तेव्हा ती दरी जवळजवळ ओस होती आणि उरलेली माणसे रोगांनी खंगलेली होती. गोऱ्यांच्या जहाजांनी आणलेल्या रोगांनी मार्केससची लोकसंख्या १९२०च्या दशकापर्यंत सुमारे २,००० वर आणून ठेवली. लंडनला हे दिसले, त्याने ते लिहिलेही. परंतु पुढच्याच वर्षी सॉलोमन बेटांत हेच जोडपे ‘मिनोता’ नावाच्या जहाजावर पाहुणे म्हणून चढले. मळ्यांसाठी मलाइता बेटावरून मजूर भरून नेणे, हा त्या जहाजाचा धंदा होता. ते खडकावर चढले, जिवावरचा प्रसंग गुदरला, आणि पुस्तकाला एक थरारक प्रकरण मिळाले. मजुरांच्या बाजूने तो प्रसंग कसा होता याची विचारपूस दोघांच्याही पुस्तकात नाही. इथे चार्मियनची रोजनिशी नवऱ्याच्या पुस्तकाहून रेसभरही पुढे जात नाही.

आज जोडपी वही ठेवीत नाहीत, चलच्चित्रे करतात. पहाऱ्यातले चार कंटाळवाणे तास कॅमेऱ्याला नको असतात. त्यामुळे निवड पुन्हा लंडनच्या पद्धतीची झाली आहे आणि तिला आवर घालणारा ‘लॉग’ कोणी लिहीत नाही. मागे साखळीने मोडलेले प्रवाळ दिसत नाहीत. बोरा बोराला आता नांगर टाकू देत नाहीत, ठरावीक बोयांनाच होडी बांधावी लागते. या नियमावरची प्रवाशांची चडफड ऐकली की आम्हांला गंमत वाटते.

लंडनच्या पुस्तकातले आमचे आवडते प्रकरण मात्र याच भागातले आहे. रायातेआच्या बंदरात तेहेई नावाचा एक माणूस आपल्या शिडाच्या होडक्यातून येतो. त्या होडक्याचा वेग पाहून तीस हजारांच्या बोटीचा मालक चकित होतो. तेहेई आणि त्याची बायको बिहाउरा लंडन पति-पत्नींना शेजारच्या तहाआ बेटावर नेतात, आपले घर त्यांना मोकळे करून देतात आणि निघताना फळांनी, कोंबड्यांनी ‘स्नार्क’ भरून टाकतात. तेहेई पुढे खलाशी म्हणून ‘स्नार्क’वर गेला, सॉलोमनपर्यंत. बिहाउरा गेली नाही. त्या दोघांपैकी कोणाचेही पुस्तक नाही.