फाशी नको, सुटकाही नको

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्या दिवशी अनेकांच्या फोनवर दोन तऱ्हेचे मेसेज येत होते. एकात ‘अल्हम्दुलिल्लाह’ होतं. दुसऱ्यात सवाल होता, ‘मग १८९ माणसं मारली कुणी?’

रत्नागिरीच्या मुसलमानाला हे दोन्ही मेसेज आपलेच वाटायला हवेत. राजिवडा असो, मिरकरवाडा असो की चिपळूण-दापोलीकडचा एखादा मोहल्ला, आपल्या नात्यातलं कुणी ना कुणी मुंबईत असतं आणि वांद्रे, जोगेश्वरी, मीरा रोडला याच लोकलमधून उतरतं. त्या संध्याकाळी अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. घरी निघालेली माणसं घरी पोचली नाहीत. त्यांच्या नातेवाइकांचा सवाल आपलाही आहे.

म्हणून या वेळी आम्ही एक अवघड प्रश्न हाती घेतला आहे. इतकी माणसं मारणाऱ्याला सरकारने फाशी द्यावी, की मरेपर्यंत तुरुंगात ठेवावं? आमचं मत असं: फाशी कुणालाच नको. आणि सामूहिक हत्येचा गुन्हेगार सरकारच्या मेहेरबानीने बाहेरही येता कामा नये. ही दोन्ही वाक्यं एकत्रच वाचा. त्यातलं सोयीचं तेवढं एक उचलू नका.

आधी त्या खटल्याबद्दल. ३० सप्टेंबर २०१५ रोजी विशेष मोक्का न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, म्हणून प्रकरण वर गेलं. उच्च न्यायालयाला दिसलं ते असं: कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळखपरेड टिकत नाही, आणि स्फोटांत कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलेलं नाही. तोवर एकोणीस वर्षं गेली होती. फाशी सुनावलेल्या पाचांपैकी एक जण २०२१ मध्ये कोविडने नागपूरच्या तुरुंगातच वारला. त्याचं निर्दोषत्व ऐकायला तो उरला नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयाने या निकालाचा इतर खटल्यांत दाखला घ्यायला मनाई केली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

आता एक तारीख ध्यानात घ्या. विशेष न्यायालयाच्या शिक्षेच्या बरोबर तीस दिवस आधी, ३१ ऑगस्ट २०१५ रोजी, न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने आपला २६२ वा अहवाल दिला. फाशी रद्द करा, अशी त्याची शिफारस होती. मात्र दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं यांना आयोगाने अपवाद ठेवलं. म्हणजे ती शिफारस दुसऱ्या दिवशीच कायदा झाली असती, तरीही हे पाच जण त्या अपवादात बसले असते.

आमचा आक्षेप नेमका या अपवादाला आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याचा खून केला तर पोलिसांवर फारसा दबाव नसतो. पण एका संध्याकाळी शेकडो माणसं मरतात किंवा जखमी होतात, तेव्हा अख्खा देश विचारतो, ‘पकडलं का?’ मंत्र्यांना उत्तर द्यायचं असतं, तपास अधिकाऱ्याला माणूस दाखवायचा असतो. गुन्हा जितका मोठा, तितकी चुकीचा माणूस पकडला जाण्याची भीती मोठी. आणि कायदा मात्र तिथेच दोर राखून ठेवतो. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यातही हेच झालं. तीन जणांची फाशी वरपर्यंत कायम होत गेली आणि १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. बारा वर्षं तुरुंगात काढलेला माणूस निदान घरी येऊन आईला भेटू शकतो. फासावर गेलेल्याच्या घरी फक्त निकालाची प्रत येते.

यावर कुणी म्हणेल, ‘कसाबचं काय?’ प्रश्न योग्य आहे. अजमल कसाबच्या हातातली बंदूक साऱ्या जगाने पाहिली. १६६ माणसांच्या त्या हत्याकांडाबद्दल आपल्या मनात शंका नव्हती. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला मुंबईतल्या मुसलमानांनीच नकार दिला होता. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात कसाबला फाशी झाली, तेव्हा चुकीचा माणूस मेला असं कुणीही म्हणणार नाही. तरीही कायदा एका कसाबसाठी लिहिता येत नाही. कसाबसाठी उभा केलेला फाशीचा खांब पुढच्या संशयितासाठीही उभाच राहतो.

आणि त्याच कटातला दुसरा माणूस आठवा, डेव्हिड हेडली. हल्ल्याआधी मुंबईत फिरून ठिकाणांची टेहळणी त्याने केली होती. अमेरिकेने त्याला फाशी न देता २०१३ मध्ये ३५ वर्षांची कैद दिली. आपल्यापैकी अनेकांना तेव्हा राग आला. पण तो जिवंत होता म्हणूनच फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाला व्हिडिओ लिंकवरून त्याची साक्ष घेता आली. जिवंत कैद्याला आज ना उद्या प्रश्न विचारता येतो.

आता आपलीच परीक्षा घेऊ. याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात फाशी झाली, तेव्हा आपल्यातले अनेक जण फाशीच्या विरोधात बोलू लागले. १२ मार्च १९९३ च्या त्या स्फोटांत २५७ माणसं मेली होती. त्यासाठीची स्फोटकं आपल्याच कोकण किनाऱ्यावर, शेखाडीला उतरली होती, हे विसरून चालणार नाही. बॉम्ब ठेवणाऱ्या दहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली, याकूबची कायम ठेवली. त्याआधीच्या डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीप्रमाणे ९०० माणसं मेली आणि त्यासाठी फासावर कुणीही गेलं नाही. हा भेदभाव जाचतो, आणि जाचायलाच हवा. पण त्यावर ‘मग त्यांनाही लटकवा’ हे उत्तर दिलं, तर आपला विरोध फाशीला नव्हता, फक्त आपल्या माणसाच्या फाशीला होता, असा त्याचा अर्थ होईल. झुंडीने केलेल्या हत्येला नव्या न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये फाशीची तरतूद आहे. तिचं स्वागत करण्याआधीही हाच विचार करायला हवा. झुंडीला खरी भीती वाटेल ती गुन्हा नोंदवला जाण्याची, साक्षीदार टिकण्याची आणि शिक्षा चुकणार नाही याची.

पण जन्मठेप म्हणजे नेमकं काय? इथे बिल्किस बानो यांचा खटला समोर येतो. ३ मार्च २००२ रोजी त्यांच्या कुटुंबातल्या आणि सोबतच्या चौदा जणांची हत्या झाली. त्यांत त्यांची तीन वर्षांची मुलगी होती. खटला मुंबईत चालला. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अकरा जणांची जन्मठेप कायम ठेवली आणि तिघांना फाशी द्या, ही सीबीआयची मागणी नाकारली. आपल्याला सूड नको, न्याय हवा, अशीच बिल्किस यांची तेव्हाची भूमिका होती. आणि मग १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्या अकराही जणांना सोडून दिलं. बाहेर त्यांना हार घातले गेले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली आणि त्यांना पुन्हा आत जावं लागलं.

त्या सतरा महिन्यांत ‘यापेक्षा फाशी बरी होती’ असं ज्यांना वाटलं, त्यांना आम्ही दोष देत नाही. फाशीला विरोध करणाऱ्यांनी या रागाचं उत्तर द्यायलाच हवं. ते उत्तर कायद्यात आहे. शिक्षेत कोणतीही सूट न देता ठरावीक दीर्घ मुदतीची किंवा मरेपर्यंतची कैद देण्याचा अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांना आहे. २०१५ मध्ये घटनापीठाने तो मान्य केला. सामूहिक हत्येत हीच शिक्षा नेहमीची व्हावी. नवा पुरावा आला तर न्यायालयाने दार उघडावं. निवडणूक आली म्हणून सरकारने उघडू नये.

‘शरीयतमध्ये तर किसास आहे,’ असंही आपले तरुण म्हणतात. आहे. पण त्याच आदेशात वारसांना दियत घेण्याचा आणि माफ करण्याचा हक्कही आहे. शंका असेल तिथे हद्दची शिक्षा टाळा, हा फिकहचा जुना नियम आहे. एका निरपराधाचा जीव घेणं म्हणजे साऱ्या माणुसकीचा जीव घेणं, ही सूरह माइदामधली शिकवण आपण दहशतवादाविरुद्ध प्रत्येक सभेत सांगतो. चुकून फासावर चढवलेल्या निरपराधालाही ती लागू होते.

शेवटी आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या खटल्यांतल्या अपिलावर चर्चा चालू होती. तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं की, त्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. ही मागणी आपण नव्याने करत नाही. ती आपल्याच मातीत रुजलेल्या एका माणसाने तेव्हाच मांडून ठेवली आहे.

म्हणून पुढच्या ११ जुलैला दोन्ही गोष्टी एकाच दमात मागू या. लोकल स्फोटांचा तपास नव्याने व्हावा, कारण १८९ घरांना अजून उत्तर मिळालेलं नाही. आणि वर्षानुवर्षं चुकीने तुरुंगात राहिलेल्यांना भरपाई देणारा कायदा व्हावा. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात तो सुचवला आहे. कायदा शिकणाऱ्या मुलामुलींनी उच्च न्यायालयाचा निकाल मुळातून वाचावा आणि मोहल्ल्यात बसून सोप्या मराठीत समजावून सांगावा. ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणणाऱ्यालाही सांगावा आणि ‘मग मारलं कुणी?’ असं विचारणाऱ्यालाही.