मेंदूला करंट दिला की गेलेली स्मरणशक्ती परत येते का?

'मेंदूला हलका करंट दिला आणि स्मरणशक्ती १९ टक्क्यांनी वाढली!' असा दावा करणारं एखादं रील तुमच्याही फीडवर आलं असेल. १९ हा आकडा खरा आहे. पण तो नेमका कशाचा?

प्रयोग काय होता?

डोक्याला मार लागलेल्या सैनिकांचा विचार करून अमेरिकेच्या 'दार्पा' या लष्करी संशोधन संस्थेने स्मरणशक्तीवरच्या एका प्रकल्पाला पैसा दिला. त्यातून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे मायकल कहाना आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मेंदूला मध्यम ते गंभीर इजा झालेले फक्त ८ रुग्ण होते. त्यांना अपस्माराचाही त्रास होता आणि त्याच्या तपासणीसाठी त्यांच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेले होते.

रुग्णांना शब्दांच्या याद्या दाखवल्या. 'हा शब्द आता डोक्यात राहणार नाही' अशी लक्षणं मेंदूच्या लहरींत दिसली, की संगणक त्याच क्षणी कानाच्या वरच्या बाजूच्या भागात हलका करंट सोडायचा. त्यामुळे शब्द आठवण्याचं प्रमाण सरासरी १९ टक्क्यांनी वाढलं.

मग अडचण कुठे आहे?

यादीतले शब्द आठवणं वेगळं आणि गॅस बंद केला का, औषध घेतलं का, हे रोज आठवणं वेगळं. शिवाय हे इलेक्ट्रोड शस्त्रक्रिया करून आत बसवलेले होते. ऑनलाइन मिळणारा, डोक्यावर घालायचा हेडसेट कवटीच्या बाहेरून करंट देतो. त्यामुळे या अभ्यासाचा आकडा त्या हेडसेटच्या जाहिरातीत वापरणं ही दिशाभूल आहे.

आज हाताशी काय आहे?

मेंदूला मार लागल्यावर अनेकदा जुन्या आठवणी शाबूत राहतात, पण नवीन माहिती टिकत नाही. त्यासाठी प्रशिक्षणाच्या साध्या पद्धती आहेत. एक म्हणजे तीच गोष्ट वाढत्या अंतराने विचारणं: आधी १ मिनिटाने, मग ५, मग १५. दुसरी म्हणजे रुग्णाला अंदाज बांधायला न लावता बरोबर उत्तर आधीच सांगणं. कारण आपण चुकलो हेच त्याच्या लक्षात राहत नाही आणि चुकीचं उत्तर मात्र पक्कं होतं.

त्रास जास्त असेल तर वही, फळा आणि मोबाइलचा अलार्म वापरा, आणि ते कसे वापरायचे हे घरच्यांनाही शिकवा, असं २०२३ च्या 'इनकॉग' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

आपल्यासाठी हे महत्त्वाचं का?

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला आणि ४,४३,३६६ जण जखमी झाले. डोक्याला मार लागलेला माणूस चालत-बोलत घरी येतो, म्हणून तो बरा झाला असं सगळे धरून चालतात. मग तो तेच तेच विचारतो, कामावर चुका करतो आणि 'आळशी झालाय', 'लक्षच देत नाही' असे टोमणे ऐकतो.

त्यामुळे डिस्चार्ज घेताना डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: स्मरणशक्तीची तपासणी झाली का, आणि पुढच्या प्रशिक्षणासाठी कुणाला भेटायचं? हेडसेटवर पैसे घालण्याआधी हे विचारायला हवं.