पंगतीतले आगंतुक

गणपतीपुळ्याच्या आमच्या भाचीने मूळसंख्या शोधणारा प्रोग्राम लिहिला. पण २, ३, ५, ७ यांच्या पंगतीत ४, ९, २५, ४९ हे आगंतुकही पाट मांडून बसले! "मामा, या चौघांना हातानेच उठवते," ती वैतागून म्हणाली. म्हटले, "आणि उद्या १२१ आला तर?"

सारे मूळसंख्यांचे वर्ग आहेत, हे मग तिनेच हेरले. भाजकाचा वर्ग संख्येहून लहान असेल तोवरच भाग देऊन पाहा, असा तिचा यंत्राला हुकूम. २५ ला २, ३, ४ यांनी भागून झाले. पाचाचा वर्ग काही लहान नव्हे, म्हणून नेमका पाचच राहिला. इथली प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या टेकडीला वळसा, वाचकहो. शेवटचे पाऊल राहिले तर ती पुरी कशी?

'लहान'पुढे तिने 'किंवा समान' घातले. १२१, १६९ तपासले, आणि मगच समुद्राकडे पळाली.