शिळावर्तुळांची नोंद सातबारावर हवी

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या मार्गालगत जुनापाणीच्या मुरमाड माळावर, ओबडधोबड धोंड्यांनी वेढलेली आणि आत दगडमातीची भर असलेली सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात लोहविद्येत पारंगत असलेल्या एका समाजाने आपल्या मृतांची स्मृती तेथे शिळांच्या हवाली केली. माहुरझरी, खापा, नैकुंड अशा अनेक स्थळी त्याच समाजाच्या दफनभूमी विखुरलेल्या आहेत.

या वर्तुळांचा शोध जुना आहे. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८६७ साली जुनापाणी येथे उत्खनन केले आणि त्यातील काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात गेल्या. पुढे १९६१-६२ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागातर्फे बी. के. थापर यांनी तेथेच शास्त्रशुद्ध उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे ते कार्य नेटाने पुढे नेले, तेव्हा लोखंडी कुऱ्हाडी व कट्यारी, काळी-तांबडी मृद्भांडी, अकीकाचे मणी आणि तांब्याच्या शिरोभूषणासह पुरलेले अश्व उजेडात आले.

परंतु या संशोधनाचा सर्वांत मोलाचा धडा मला दफनांत मिळालेल्या वस्तूंपेक्षा त्यांच्या परिसरात दिसतो. खाप्याची वर्तुळे टाकळघाटच्या वस्तीसह अभ्यासली गेली म्हणून मृतांच्या मागे असलेला जिवंत गाव दिसला. नैकुंडला वस्तीच्या जागी लोखंड गाळण्याची भट्टी हाती आली म्हणून त्या कुऱ्हाडींमागचा कारागीर कळला. वर्तुळ एकदा खणले की त्याची मूळ रचना कायमची मोडते, हे शास्त्रज्ञ जाणतो, आणि म्हणून तो प्रत्येक थर मोजून, रेखाटून मगच पुढे सरकतो. मुरूम काढणारे यंत्र आणि गुप्तधनाच्या लोभाने आलेला मनुष्य मात्र काहीच लिहून ठेवत नाहीत.

संरक्षणाचे कायदे आहेत. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा. पण अधिसूचित स्थळांपलीकडे जी वर्तुळे शेतांत, गायरानांत व वनजमिनींत पडली आहेत, त्यांना महसुली दप्तरात अस्तित्वच नसेल, तर खाणपट्टा वा बिनशेती परवाना देणाऱ्या अंमलदाराला ती दिसणार कशी? म्हणून भूमि-अभिलेख खात्याने पुरातत्त्वज्ञांसमवेत प्रत्येक वर्तुळाची मोजणी करावी, भोवतालच्या संभाव्य वस्तीसह त्याची हद्द नकाशावर आखावी आणि सातबाराच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात त्याची नोंद घ्यावी. त्या नोंदीखेरीज कोणताही परवाना मंजूर होऊ नये.

अशा नोंदीने आपली जमीन अडकेल, ही खातेदाराची भीती रास्त आहे आणि तिची बोळवण उपदेशाने करणे अन्यायाचे होईल. जितके क्षेत्र राखून ठेवायचे तितक्याचा रोख मोबदला सरकारने दरसाल द्यावा, शेतसाऱ्यात सूट द्यावी आणि देखरेखीचे वेतनी काम त्याच गावच्या माणसांना द्यावे. विदर्भाचा लिखित इतिहास जेथे सुरू होतो, त्यापूर्वीच्या कित्येक शतकांची साक्ष याच दगडांपाशी आहे. ती राखण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी न मारता सर्व महाराष्ट्राने उचलणे, हेच न्यायाचे आहे.