बुडबुड्याचा हिशेब कुणाचा?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांत जगभरचा पैसा ओतला जात आहे आणि 'हा बुडबुडा तर नव्हे?' ही शंका आता दलाल स्ट्रीटवरून थेट आपल्या दिवाणखान्यात येऊन बसली आहे. अशा वेळी विनोद खोसला काय म्हणतात, हे ऐकण्याजोगे आहे. खोसला १९५५ साली पुण्यात जन्मले, दिल्लीच्या आयआयटीत शिकले, १९८२ मध्ये अमेरिकेत 'सन मायक्रोसिस्टिम्स'च्या संस्थापकांपैकी एक झाले आणि १९८६ पासून नवख्या कंपन्यांना साहसवित्त पुरवीत आले.

त्यांचे म्हणणे असे, की बुडबुडा शेअरच्या भावावरून जोखू नये, वापरावरून जोखावा. २००० साली डॉट कॉमचा फुगा फुटला, पण इंटरनेटचा वापर वाढतच राहिला. बहुतेक गुंतवणुकी बुडतील, हेही ते मोकळेपणाने सांगतात. मात्र तरलेल्या थोड्या साऱ्यांची भरपाई करून वर उरतील, असा त्यांचा भरवसा.

यात खोटे काही नाही. १८४० च्या दशकात इंग्लंडला रेल्वेच्या शेअरांचे वेड लागले होते. शेअरवाले बुडाले, रूळ राहिले. पण बुडणारा आणि रुळांवरून प्रवास करणारा एकच माणूस असतो असे नाही, आणि खोसलांचा हिशेब नेमका इथे आपल्या उपयोगी पडत नाही.

त्यांच्याच दोन कंपन्या पाहा. 'एक्साइट'ला त्यांनी पाठबळ दिले. १९९९ मध्ये ती 'ॲट होम'मध्ये विलीन झाली आणि २००१ मध्ये तिचे दिवाळे वाजले. 'ज्युनिपर नेटवर्क्स' मात्र तरली. तिची यंत्रे उत्तम होती, इंटरनेटला ती हवीच होती. सुरुवातीला पैसा घालणाऱ्यांचे सोने झाले. पण २००० साली हाच शेअर दोनशे डॉलरच्या वर असताना ज्याने घेतला, त्याने दोन वर्षांत तो दहा डॉलरच्याही खाली गेलेला पाहिला. पुढे २०२५ मध्ये 'ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझ'ने ही कंपनी विकत घेतली, ती शेअरमागे ४० डॉलर देऊन. म्हणजे तंत्रज्ञान खरे ठरले, कंपनीही टिकली, आणि तरीही पाव शतक थांबलेल्या माणसाच्या हाती मुद्दलाचा पाचवा हिस्सादेखील आला नाही!

साहसवित्तवाला दहा ठिकाणी पेरतो, तेही बियाणे स्वस्त असताना. आपण बाजारात शिरतो ते पीक डोलताना दिसल्यावर, आणि हातात एकच पुंजी असते: मुलीच्या शिक्षणाची, नाहीतर निवृत्तीनंतर मिळालेल्या फंडाची.

शिवाय बाजाराची पायरी न चढलेलेही यात सापडतात. युनिट ट्रस्टची 'यूएस-६४' ही योजना म्हणजे मध्यमवर्गाची तिजोरीच. तिचा काही पैसा माहिती-तंत्रज्ञानाच्या तेजीतल्या समभागांत गेला होता. जुलै २००१ मध्ये युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवण्यात आली आणि सुमारे दोन कोटी युनिटधारक अडकले. शेवटी सरकारला धावून यावे लागले. आज ती जागा एसआयपीच्या हप्त्याने घेतली आहे. आपला पैसा कोणत्या कंपन्यांत आहे, हे फंडांना आता दरमहा जाहीर करावे लागते. एखाद्या रविवारी ते पत्रक उघडून घरातल्या सर्वांनी वाचायला हरकत नाही.