'तंबाखू बंद' लिहून झाल्यावर

घाटी रुग्णालयाची ओपीडी असो, गारखेड्यातला दोन खोल्यांचा दवाखाना असो की वाळूजच्या कारखान्यातला वैद्यकीय कक्ष, केसपेपरच्या तळाशी एक ओळ ठरलेली असते: 'तंबाखू बंद करणे'. वर मेटफॉर्मिनची मात्रा असते, रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची की रात्री हेही असते, आणि तळाशी हा हुकूम येतो, मात्रेविना आणि मुदतीविना. त्यावर पुढच्या भेटीत कोणी काही विचारत नाही. अवलंबन हा आजार आहे असे आपण परिषदांमधून टाळ्या घेत सांगतो. मग त्याची चिठ्ठीही लिहिली पाहिजे, आणि ती आपल्यासमोर बसलेल्या माणसासाठी लिहिली पाहिजे.

हा माणूस पाठ्यपुस्तकातला नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. त्यांत ओढणारे अवघे ३.८ टक्के, तर तोंडात धरणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के. औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्या मात्र सिगारेट ओढणाऱ्यांवर झाल्या आहेत. त्यामुळे पहिला प्रश्नच चुकतो. 'व्यसन आहे का?' असे विचारले की मिश्री लावणारी बाई मनापासून 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणे आहे. बार भरणाराही कधीकधी 'सिगारेटला हात लावत नाही' असे अभिमानाने सांगतो. विचारायचे ते असे: उठल्यावर पहिली पुडी, बिडी किंवा मिश्री किती वेळाने लागते? अर्ध्या तासाच्या आत असेल तर अवलंबन तीव्र समजावे.

निकोटिन गमबद्दल आपल्याकडे 'काही उपयोग होत नाही' हे मत पक्के आहे. उपयोग न होण्याचे कारण बहुधा चघळण्याच्या पद्धतीत सापडते. रुग्ण ती सुपारीसारखी चावत राहतो, रस गिळतो, मग उचकी लागते, छातीत जळजळते आणि पाकीट कपाटात जाते. ती थोडी चावून, झिणझिण्या आल्या की गालात धरायची, चव गेली की पुन्हा चावायची, असे अर्धा तास. बार धरणाऱ्याला ही रीत शिकवावी लागत नाही, फक्त थुंकायचे नाही एवढे सांगावे लागते. चहानंतर पंधरा मिनिटे गम नको हेही त्याला लगेच पटते, जर कारण सांगितले तर. तो तंबाखूला चुना लावतो तो याचसाठी. अल्कधर्मी तोंडात निकोटिन गालातून पटकन शोषले जाते, आम्लधर्मी चहा-कॉफीने ते अडते. उठल्याउठल्या तंबाखू लागणाऱ्याला २ मिलिग्रॅमची गम पुरत नाही, ४ मिलिग्रॅमची लागते. ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि आपण ती लिहीत नाही. गुटख्याने ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही त्याला गम देण्यात अर्थ नाही, पॅच द्यावा. सुपारीची स्वतःची तलफ वेगळी असते, तिच्यावर यातले कोणतेही औषध सिद्ध झालेले नाही. गुटखाबंदीला जुलै २०१२ पासून इतकी वर्षे झाली तरी हे रुग्ण येतच आहेत. बंदीवर इथे आणखी शाई खर्च करत नाही.

व्हॅरेनिक्लिनभोवती भीतीची जुनी सावली आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा छापायला लावला, आणि तो आपल्या स्मरणात राहिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ईगल्स' चाचणीत १६ देशांतले ८१४४ जण होते, निम्म्यांना मानसिक आजाराचा पूर्वेतिहास होता. तरीही प्लासिबोच्या तुलनेत गंभीर मानसिक त्रासात लक्षणीय वाढ दिसली नाही, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो इशारा काढला गेला. ही बातमी मात्र आपल्यापर्यंत तितक्या वेगाने आली नाही. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यात सलग धूम्रमुक्त राहिलेले व्हॅरेनिक्लिनवर २१.८ टक्के, ब्युप्रोपिऑनवर १६.२, पॅचवर १५.७ आणि प्लासिबोवर ९.४ टक्के होते. फायदा दुपटीहून अधिक आहे, आणि सर्वांत चांगल्या औषधावरही पाचांतले जवळजवळ चार जण परत वळले. दोन्ही गोष्टी रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगाव्यात.

चघळणाऱ्यांसाठी पुरावा इतका भक्कम नाही. दिल्लीच्या एम्समधल्या २३७ जणांच्या चाचणीत रुग्णांच्या सांगण्यावरून व्हॅरेनिक्लिनचा फायदा दिसला, पण जैवरासायनिक तपासणीने पडताळल्यावर फरक लक्षणीय उरला नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत चघळणाऱ्यांसाठी व्हॅरेनिक्लिन किंवा निकोटिन असे दोन्ही पर्याय ठेवले आहेत, आणि आमच्या मते ते योग्य आहे. व्हॅरेनिक्लिनची मात्रा सोपी आहे: अर्धा मिलिग्रॅम तीन दिवस रोज एकदा, पुढे चार दिवस दोनदा, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर. सोडण्याची तारीख गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली ठरवावी.

आता आपल्याकडच्या दोन अडचणी, ज्या परदेशी पुस्तिकांत कोपऱ्यात असतात. पहिली डेरिफायलिनची, म्हणजे त्यातल्या थिओफायलिनची. मराठवाड्यात दम्याच्या आणि सीओपीडीच्या किती रुग्णांच्या खिशात थिओफायलिन असते ते सांगायला नको. बिडीच्या धुरातले घटक यकृतातले ते विकर वाढवतात जे थिओफायलिनचा निचरा करते. बिडी सुटली की आठवडाभरात निचरा मंदावतो, तीच मात्रा जास्त होते. मग मळमळ, धडधड, हाताला कंप, झोप नाही. रुग्ण म्हणतो, 'ती नवी गोळी मानवली नाही', आपणही व्हॅरेनिक्लिन थांबवतो आणि तो पुन्हा बिडीकडे जातो. दोष थिओफायलिनच्या मात्रेचा असतो, ती सोडण्याच्या तारखेलाच कमी करायची असते. क्लोझापिन आणि ओलान्झापिनचेही तसेच. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणून बार सोडणाऱ्यात हे घडत नाही, आणि पॅच लावल्याने टळतही नाही.

दुसरी अडचण क्षयाची. रिफाम्पिसिनवर असलेल्या रुग्णात ब्युप्रोपिऑनची रक्तातली पातळी घसरते. व्हॅरेनिक्लिन जवळपास सगळे जसेच्या तसे मूत्रपिंडातून बाहेर पडते, त्यामुळे तिथे ते बरे. पण याच कारणाने मधुमेहाने मूत्रपिंड खालावलेल्यांत मात्रा उतरवावी लागते, क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर निम्म्यावर. ब्युप्रोपिऑन स्वस्त आहे आणि आपल्या हाताला सवयीचे आहे. मात्र फिट येणाऱ्याला ते नाही, आणि रोज पिणारा अचानक दारूही सोडणार असेल तर त्यालाही नाही. शेंद्र्यात रात्रपाळी करणाऱ्याला दुसरी गोळी घड्याळ पाहून न देता त्याच्या झोपेकडे पाहून द्यावी, दोन गोळ्यांत आठ तासांचे अंतर राखून.

ई-सिगारेटबद्दल पुण्याहून सुटीला आलेली मुले विचारतात. २०१९ च्या कायद्याने ती बंद आहे, विषय संपला.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. सरकारी पुरवठ्यावर विसंबून बारा आठवड्यांचा कोर्स आखता येत नाही. २०२१ मध्ये नायट्रोसामाइनच्या अशुद्धीमुळे व्हॅरेनिक्लिनचा मूळ ब्रँड जगभर मागे घेतला गेला, तेव्हापासून 'मिळेल का' हा प्रश्नही जोडीला आला. म्हणून चिठ्ठीआधी ओळखीच्या दुकानदाराला फोन करावा, आणि रुग्णाचा रोजचा तंबाखूचा खर्च त्याच्याच तोंडून वदवून घ्यावा. चौदा दिवसांचीच गोळी लिहावी, म्हणजे तो परत येईल. सोडल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तलफ सर्वांत जोरात असते, त्या दिवशी दवाखान्यातून दोन मिनिटांचा फोन जावा. ते जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक त्याच्या हातातल्या पुडीवरच छापलेला असतो.

वाचकांकडून आम्हाला एक गोष्ट हवी आहे. वर्षभरात ज्यांना यातले कोणतेही औषध दिले त्यांच्या नोंदी पाठवा, नावे वगळून. काय घेत होते, कोणते औषध किती दिवस चालले, ते कोणी थांबवले (रुग्णाने, नातेवाइकाने, दुकानदाराने की तुम्ही) आणि सोबत डेरिफायलिन होते का. न सुटलेल्यांच्या नोंदी आधी पाठवा.