शर्यत एक, आरंभरेषा अनेक

७ डिसेंबर २०२४ रोजी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात शालेय मैदानी स्पर्धा चालू होत्या. गाउट गाउट नावाचा सोळा वर्षांचा मुलगा २०० मीटर धावला आणि त्याने २०.०४ सेकंदांची वेळ दिली. आई-वडील दक्षिण सुदानमधून येऊन स्थायिक झालेले. या काळ्या पोराने ५६ वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. ‘दुसरा उसेन बोल्ट’ म्हणून त्याचे जगभर कौतुक झाले. परंतु मोडला गेलेला विक्रम कोणाचा होता आणि तो कोणत्या शर्यतीत झाला होता, हे चळवळीतल्या माणसाला ठाऊक असले पाहिजे.

तो विक्रम पीटर नॉर्मनचा. ठिकाण मेक्सिको सिटी, तारीख १६ ऑक्टोबर १९६८. ऑलिम्पिकच्या २०० मीटरच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेचा टॉमी स्मिथ १९.८३ सेकंदांत पहिला आला, नॉर्मन २०.०६ सेकंदांत दुसरा आणि अमेरिकेचाच जॉन कार्लोस २०.१० सेकंदांत तिसरा. स्मिथ आणि कार्लोस काळे, नॉर्मन गोरा. पदक घ्यायला स्मिथ आणि कार्लोस बूट काढून, नुसत्या काळ्या मोज्यांवर मंचावर चढले. ते आपल्या लोकांच्या दारिद्र्याचे प्रतीक होते. राष्ट्रगीत सुरू होताच दोघांनी मान खाली घातली आणि काळा हातमोजा घातलेली मूठ वर उचलली. कार्लोस आपले हातमोजे विसरला होता. एकच जोडी दोघांत वाटून घ्या, हे नॉर्मनने सुचवले. म्हणून एकाचा उजवा हात वर आहे आणि दुसऱ्याचा डावा. नॉर्मनने मूठ उचलली नाही, पण मानवी हक्कांसाठीच्या त्यांच्या संघटनेचा बिल्ला त्याने आपल्या छातीवर लावला.

शिक्षा तत्काळ झाली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने दबाव आणला आणि अमेरिकेने दोघांना संघातून काढून क्रीडानगरीबाहेर घालवले. पदके काढून घेतली असा समज आहे, तो खरा नाही. काढून घेतले ते जगणे. मायदेशी त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या.

खेळात राजकारण आणले, हा त्यांचा गुन्हा! हे सांगणारे समितीचे अध्यक्ष होते एव्हरी ब्रंडेज. हेच ब्रंडेज १९३६ मध्ये अमेरिकन ऑलिम्पिक समितीचे प्रमुख होते आणि हिटलरच्या बर्लिन ऑलिम्पिकवर बहिष्कार घालू नये म्हणून त्यांनी जिवाचे रान केले होते. तिथे मंचावर नाझी पद्धतीने सलाम झाले, तेव्हा खेळाचे पावित्र्य भंगले नाही. काळी मूठ वर गेली तेव्हा मात्र भंगले. प्रस्थापितांची पद्धत सगळीकडे हीच आहे. त्यांचे राजकारण म्हणजे परंपरा, आणि आपण हक्क मागितला की ते राजकारण!

१९३६ हे साल आपल्यालाही विसरता येत नाही. त्या वर्षी मे महिन्यात बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ हे लाहोरला होऊ न दिलेले भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. माणसे जन्मतः सारखी नसतील. परंतु घरदार, शिक्षण, वारसा यांच्या जोरावर जे आधीच पुढे आहेत तेच निवडीत जिंकणार असतील, तर ती गुणांची निवड नव्हे. म्हणून समाजाने सर्वांना शर्यतीच्या आरंभीच शक्य तितके समान करावे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा शर्यतीचा दृष्टान्त खुद्द बाबासाहेबांचा आहे. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, गुलामांचा नातू आणि अलाबामातील खंडकऱ्याचा मुलगा जेसी ओवेन्स याने बर्लिनमध्ये १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि ४ × १०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके जिंकली. वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त १०.३ सेकंदांत धुळीला मिळाला.

पण पुढे काय झाले? मायदेशी न्यूयॉर्कच्या बड्या हॉटेलात ओवेन्सचाच सत्कार होता आणि त्यालाच सामानाच्या लिफ्टने वर जावे लागले. पोटासाठी त्याला घोड्यांबरोबर शर्यती लावाव्या लागल्या. त्याच बर्लिनच्या संघाचे एक प्रशिक्षक डीन क्रॉमवेल यांनी १९४१ मध्ये पुस्तक लिहून सिद्धान्त मांडला, की निग्रो चांगला धावतो कारण तो आदिम अवस्थेच्या जवळ आहे. म्हणजे काळा हरला तर तो नालायक, आणि जिंकला तर श्रेय त्याच्या मेहनतीला नाही, जन्माला! जन्माची बेडी जिंकूनही सुटत नाही. ही तर चातुर्वर्ण्याचीच दुसरी आवृत्ती आहे.

इथे एक प्रश्न विचारला पाहिजे. धावपट्टीवर काळे इतके जिंकले, मग त्याच देशात अन्यत्र मागे का राहिले? उत्तर सोपे आहे. धावपट्टीवर निकाल घड्याळ देते. घड्याळाला रंग कळत नाही, आडनाव कळत नाही. पण घड्याळापर्यंत कोणी पोचायचे, हे माणसे ठरवतात. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरचे सुवर्ण एडी टोलनने आणि रौप्य राल्फ मेटकाफने जिंकले. दोघेही काळे, दोघांची वेळ १०.३, चित्रफीत पाहून निकाल लावावा लागला. त्याच स्पर्धेत लुईझ स्टोक्स आणि टायडी पिकेट या दोन काळ्या मुली महिलांच्या रिलेसाठी निवडल्या गेल्या होत्या. त्यांना ऐनवेळी वगळून त्यांच्या जागी गोऱ्या मुली धावल्या. घड्याळ सुरूच होऊ दिले नाही, तर ते काय न्याय देणार?

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? लेखी परीक्षेत आपली मुले गुण मिळवतात आणि तोंडी मुलाखतीत मागे पडतात. राखीव जागेपुढे ‘योग्य उमेदवार सापडला नाही’ असा शेरा मारला जातो. २००६ मध्ये इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविरुद्ध गुणवत्तेच्या नावाने रस्त्यावर उतरलेले, २०१९ मध्ये सवर्णांतील आर्थिक दुर्बलांना दहा टक्के मिळाले तेव्हा कुठे होते? गुणवत्ता तेव्हा सुटीवर गेली होती काय? २०२१ मध्ये टोकियोत भारतीय महिला हॉकी संघ उपान्त्य सामना हरला, तेव्हा वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिवीगाळ झाल्याची तक्रार तिच्या कुटुंबाने पोलिसांत केली. त्याच स्पर्धेत तिने एका सामन्यात तीन गोल केले होते. जिंकली तर देशाची कन्या, हरली तर दलिताची पोर!

मेक्सिकोतून चळवळीने तीन धडे घ्यावेत. पहिला, आपल्याच माणसाला आपल्याविरुद्ध उभे करण्याचा डाव ओळखावा. स्मिथ-कार्लोसनंतर काळ्या खेळाडूंना समजावायला अमेरिकन समितीने जेसी ओवेन्सलाच पाठवले होते. १९७२ मध्ये ‘आय हॅव चेंज्ड’ हे पुस्तक लिहून ओवेन्सने आपले मत बदलल्याचे मान्य केले. पण घाव बसून गेला होता.

दुसरा धडा आपल्या पुरुषांसाठी आहे. वायोमिया टायसने १९६४ आणि १९६८ असे लागोपाठ दोनदा १०० मीटरचे सुवर्ण जिंकले. तिच्याआधी हे कोणालाही, पुरुषालाही, जमले नव्हते. तिने आपले रिलेचे पदक स्मिथ आणि कार्लोसना अर्पण केले. परंतु आंदोलनाची आखणी करताना महिला खेळाडूंना कोणी विचारलेच नव्हते. आपल्या व्यासपीठांकडे पाहा आणि सांगा, आपण वेगळे वागतो का?

तिसरा धडा नॉर्मनचा. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला त्याला पाठवले नाही. निवड चाचणीत तो तिसरा आला, हे ऑस्ट्रेलियन समितीचे म्हणणे. पात्रतेची वेळ अनेकदा देऊनही डावलले, हे त्याच्या बाजूच्यांचे. पण आपल्या कृतीचा पश्चात्ताप त्याने कधी केला नाही. २००६ मध्ये तो वारला, तेव्हा स्मिथ आणि कार्लोस ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला. संसदेने त्याची माफी मागितली ती २०१२ मध्ये! महाडला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हे आपण विसरलेलो नाही. लढा माणसांच्या जन्माशी नसतो, व्यवस्थेशी असतो.

सॅन होजेच्या विद्यापीठात २००५ मध्ये स्मिथ आणि कार्लोसचा पुतळा उभा राहिला. त्यात दुसऱ्या क्रमांकाची पायरी रिकामी आहे. ती नॉर्मनच्याच इच्छेने रिकामी ठेवली, म्हणजे येणाऱ्या कोणालाही तिथे उभे राहता यावे.

२०२८ चे ऑलिम्पिक त्याच लॉस एंजेलिसला आहे, जिथे स्टोक्स आणि पिकेटला बाहेर बसवले होते. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेत. देशाभिमानाचे ढोल वाजतील, कोटीच्या कोटी खर्च होतील. तेव्हा आपण एवढेच विचारायचे: आमच्या वस्तीतल्या पोरीला धावायला मैदान कुठे आहे? निवड समितीत आमचे कोण बसले आहे? पदके मोजण्याआधी आरंभरेषा मोजा. शर्यत तिथेच जिंकली किंवा हरली जाते.